नगराध्यक्षीण सापडेना

२ जून, सोमवार

खडी! करडी खडी, आणि तिच्यात गवताचे चार झुबके! शंभरावर वर्षं जिथे गुलाब फुलले तिथे खडी! कौन्सिलच्या त्या मुलीनं रंगीत चित्रच काढून आणलंय. चित्रात एक बाई कुत्रं घेऊन चाललीय आणि हसतेय. कशाला हसतेय? खडीला?

मुलीचं नाव मिस पर्डी. वाईट नाही पोर. बूट फार स्वच्छ, एवढाच दोष. म्हणाली, "मिस्टर इमरी, तुम्ही गिरणीबागेचे एकतीस वर्षं प्रमुख होतात, म्हणून आधी तुम्हाला दाखवायला आले."

म्हटलं, "बाई, मढं दाखवायला नातेवाइकांनाच बोलावतात."

बिचारीचे कान लाल झाले. मग मलाच कसंतरी वाटलं. चहा टाकला. बिस्किटांचा डबा पुढे केला. दोन बिस्किटं झाल्यावर तिनं खरं काय ते सांगितलं. जुन्या बागांसाठी म्हणून थोडा निधी आलाय. गुलाबाचा ताटवा होता तसा परत लावता येईल — पण मुळात तिथे जे झाड होतं तेच हवं. तीच जात. तिची बहीण, मावशी चालणार नाही. आणि आमच्या ताटव्यात तर पहिल्यापासून एकच — नगराध्यक्षीण.

"मी सगळ्या रोपवाटिकांना विचारलं. कुणाकडे नाही. एक तरी जिवंत झुडूप दाखवा, मिस्टर इमरी. फुलावर असताना. सत्तावीसला संध्याकाळी समिती बसतेय. तोवर मिळालं तर मी त्यांच्याशी भांडेन. नाही तर —" आणि तिनं त्या हसऱ्या बाईकडे बघितलं.

नगराध्यक्षीण वर्षातून एकदा फुलते. जूनमध्ये, तीन आठवडे, फार तर चार. फुलं गळाली की मग इतर रानटी गुलाबांत तिला तिचा बापही ओळखायचा नाही. पंचवीस दिवस!

३ जून

झोप नीट नाही. तिचाच विचार.

पहिल्या महायुद्धाच्या आधी आमच्या बागेचे प्रमुख होते क्रूक्शँक. त्यांनी बी पेरून ही वाढवली. वहीत नाव भारदस्त, आमच्या गावावरून — इनव्हरब्रोदी ब्लश. पण गावानं पहिल्याच वर्षी बारसं बदललं. पाकळी बाहेरून सायीसारखी, शांत. उलटवून आत बघावं तर रागानं गाल लाल. आणि खाली देठाला नखाएवढीही जागा बिनकाट्याची नाही. तेव्हाचे नगराध्यक्ष नेमके बायकोला घेऊन ताटवा बघायला आलेले. झालं! वास मात्र असा की रागावलेला माणूस दोन पावलं मागे येऊन पुन्हा हुंगेल.

दोन वर्षांपूर्वी शरदात ठेकेदाराची माणसं आली. गवत कापायच्या यंत्राला वळायला अडचण होते म्हणे! एका सकाळीत मुळासकट सगळं उपटून नेलं. मी तेव्हा हॉस्पिटलात. गुडघा नवा मिळाला, गुलाब गेला.

आणि घरी? घरी एक फांदीही नाही. असणार कशी! एकतीस वर्षांत बागेतलं पानसुद्धा मी घरी आणलं नाही. बाग गावाची, माझी नव्हे. माझ्या परसात कपडे वाळत घालायचे खांब आणि कांद्याची पात. याचा मला अभिमान होता. आज सकाळी त्या पातीकडे बघून शिवी आली तोंडात.

४ जून, बुधवार

निवृत्त होताना बागेची जुनी नोंदवही मी हातानं उतरवून घेतली होती. आज ती काढली. "बाहेर पाठवलेली रोपं" या पानावर, १९११, क्रूक्शँकच्या मुंगीएवढ्या अक्षरात — बॅलनॅथ्री हाउस. कर्कम्यूर किल्ला, भिंतीआडची बाग. फोर्डी गावची सार्वजनिक बाग.

तीन ठिकाणं! टेबलावर थाप मारली, चहा सांडला.

पण जायचं कसं? गाडी मला येत नाही. बॅलनॅथ्रीला बस गुरुवारी जाते आणि परत बहुधा पुढच्या गुरुवारी येते. म्हणजे ग्रीझेल.

ग्रीझेल माझी मेहुणी. माझ्या बायकोची, मायसीची, थोरली बहीण. मायसी जाऊन दोन हिवाळे झाले, तेव्हापासून दर शनिवारी सूप घेऊन येते आणि माझ्या पडद्यांना नावं ठेवते. वय एक्क्याऐंशी. टपावर दुधाचा पेला ठेवल्यासारखी गाडी चालवते. मागे ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवतात.

सगळं ऐकून घेतलं तिनं. पावाला लोणी लावत होती, ते लावतच राहिली. मग म्हणाली, "नगराध्यक्षीणच हवी का रे वॉटी? दुसरी एखादी नाही चालणार? माझ्या शेजारच्या डोरोथीकडे पिवळी आहे छान."

"समितीला तीच हवी."

"बरं. पण जिथे चहाची खोली नाही तिथे मी गाडी नेणार नाही, सांगून ठेवते."

"आपण फुलं बघायला चाललोय, खायला नाही."

"तू बघ ना. मी खाते."

७ जून, शनिवार

बॅलनॅथ्री. बंद! लग्न!

फाटकावर किल्ट घातलेला आडदांड माणूस, कानात वायर. "आज खाजगी कार्यक्रम आहे, काका." म्हटलं, मला फक्त एक झुडूप बघायचंय, दक्षिणेच्या भिंतीशी. "मंगळवारी या." म्हटलं, मंगळवारपर्यंत गळून जाईल. "नवरी तर गळायची नाही ना? मग मंगळवारी या." आणि आपल्याच विनोदावर हसला गाढव.

मी भिंतीच्या कडेनं अर्धा मैल चाललो, कुठे खालची जागा मिळते का बघत. नव्या गुडघ्यानं चिखलात. एका मेंढीखेरीज कोणी भेटलं नाही. परत येतो तर गाडी रिकामी. ग्रीझेल आत! अर्ध्या तासानं आली, हातात रुमालात गुंडाळलेला केकचा तुकडा.

"आत कशी गेलीस?"

"त्यानं विचारलं, वराकडची की वधूकडची. मी म्हटलं दोन्हीकडची. चहाबरोबरचे स्कोन बरे होते. दहातले सहा. मनुका मोजून चार."

"आणि दक्षिणेची भिंत?"

"तिथे तंबू होता. बाजावाले बसले होते." मग जरा थांबून, "मुद्दाम गेले होते रे बघायला. काही नव्हतं."

तिला काय कळतंय! फुलकोबी आणि गुलाब यांत तिला फरक फक्त वासानं कळतो. मंगळवारी स्वतः जाणार.

१० जून, मंगळवार

काही नव्हतं.

गुलाब तिथून नव्वद सालीच काढले म्हणे. आता तिथे "स्पर्श आणि सुगंध उद्यान". झाडांपेक्षा पाट्या जास्त. "हे पान हळूच चोळा." "डोळे मिटा आणि ऐका." मी डोळे मिटले, तर एक स्वयंसेवक धावत आला — बरं वाटत नाही का? छातीवर बिल्ला. पूर्वी बँकेत मॅनेजर होता, हे त्यानं मी न विचारताच सांगितलं. मग मला छाटणी कशी करतात ते शिकवू लागला. मला! पंधराव्या वर्षी शाळा सोडून मी खुरपं धरलं. लॅटिन नावं वाचनालयातली पुस्तकं आणून, जेवणाच्या सुट्टीत काचघरात बसून पाठ केली. कुणी शिकवलं नाही. आणि हा दोन वर्षांचा बिल्लेवाला मला सांगतो, गुलाबाला "प्रेमानं बोललेलं आवडतं."

तरी मी ऐकून घेतलं. म्हातारा माणूस, बायको गेलेली, आठवड्यातून दोनदा येतो, कुणाशी तरी बोलायला. बोलू दे बापडा. शेवटी "वा, हे माहीत नव्हतं" असंही म्हणालो. परतीच्या वाटेवर दात मात्र दुखत होते, इतके आवळले होते.

११ जून

पाऊस. गुडघा. कुणावर तरी ओरडावंसं वाटलं, पण घरात मीच.

१४ जून, शनिवार

आजचं लिहू की नको असं झालंय. लिहितो.

कर्कम्यूर. सकाळी समुद्रावरचं धुकं इतकं आत आलेलं की किल्ल्याचा फक्त खालचा मजला दिसत होता. भिंतीआडच्या बागेचं लाकडी दार ढकललं, आणि समोर, पन्नास पावलांवर — पांढरी, दुहेरी पाकळ्यांची, गुडघ्याएवढी दाट झाडी. ती चिमुकली पानं! तो काट्यांचा फेस! मी पळालो. सत्त्याहत्तराव्या वर्षी, ओल्या गवतावर! ग्रीझेल मागून ओरडतेय, "वॉटी, पडशील! मी उचलणार नाही!"

 एक फूल धरलं. पाकळी उलटवली.

पांढरी. आतही पांढरी.

दुसरं. तिसरं. दहावं. सगळी पांढरी, सज्जन, रागाचा लवलेश नाही. कुणाची कोण! नाक खुपसलं तर वासही साबणासारखा. तिथल्या बागप्रमुखीण बाई भल्या. सगळी कागदपत्रं बघितली. म्हणाल्या, आमची सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात मेली, तशी नोंदच आहे. ही नंतर आणली. म्हणजे माझा जन्म व्हायच्या आधीच हे दार बंद झालं होतं, आणि मी आज त्यावर डोकं आपटलं.

तेवढ्यात बाजूला कट्ट करून आवाज झाला. एक बाई, चांगली टोपी-बिपी घातलेली, तिनं एक काडी मोडली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. माझा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला. शिट्टी काढली आणि फुंकली! निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी खिशात असतेच ती. बागेतली सगळी माणसं थिजली. एक कुत्रं येऊन माझ्यापुढे बसलं.

"बाग तुमच्या बापाची आहे का?" बाई कडाडली.

"नाही, आणि तुमच्याही नाही! म्हणूनच ठेवा ती काडी खाली!"

"अहो, काडीनं काय होतंय? चोरलेली काडी जास्त जोमानं धरते. माझी आजी सांगायची."

"तुमच्या आजीला माझ्याकडे पाठवा!"

ग्रीझेलनं मला दंडाला धरून ओढत बाहेर नेलं. चहाच्या खोलीसमोरून गेलो, तरी ती आत वळली नाही! स्कोन न खाता गाडीत बसली. किल्ली फिरवली. मग म्हणाली, "एकतीस वर्षं शिट्ट्या फुंकून काय मिळवलंस रे तू?"

"बाग राखली."

"हो ना. राखलीस. आणि आता कुठे आहे ती?"

हे बोलायची गरज नव्हती. मी काचेतून बाहेर बघत राहिलो. बाहेर धुकंच होतं.

१६ जून, सोमवार

आज म्हटलं, बाहेरची गावं धुंडाळतोय, आपल्या गावात तरी एकदा तोंड उघडून विचारावं. नगराध्यक्षिणीचं एखादं जुनं चित्र, फोटो, बी, काहीही.

खाटकाकडे गेलो. मॅथीसन मोठ्यानं काहीतरी सांगून बायकांना हसवत होता. मी नगराध्यक्षिणीचं नाव काढलं आणि दुकानात असं झालं की जणू मीच कुणाचा तरी मुडदा टेबलावर ठेवला. मॅथीसन सॉसेजकडे बघत म्हणाला, "गुलाब? नाही बुवा. आमच्याकडे कोळशाची कोठी आहे फक्त." मी कुठे त्याच्या घराचं विचारलं होतं?

चर्चपाशी दोघी बायका मला बघून पलीकडच्या पदपथावर गेल्या. वाचनालयात चिठ्ठी लावायला दिली, तर तिथली बाई म्हणते, "लावते, पण मिस्टर इमरी, कुणी येईलसं वाटत नाही." "का?" "असंच."

या गावानं मला कधी आवडून घेतलं नाही, हे मला माहीत आहे. पोरं "शिट्टी" म्हणायची, मोठी माणसंही पाठीमागे. पण इतकं? गुलाब काय माझा एकट्याचा होता?

शेजारच्या मिसेस लोरिमरनी आज पुन्हा चादरी वाळत घातल्यात. चार दिवस त्याच चादरी. वाळून पापड झाल्या. पुढच्या घरीही चादरी. वरच्या गल्लीतही. एवढं धुणं या गावात उन्हाळ्यात कधी निघालं नव्हतं! अंथरुणाला ढेकूण झालेत की काय सगळ्यांच्या? विचारलं तर म्हणाल्या, "हवा चांगली आहे, वॉटी." हवा! धुक्यात हात दिसत नव्हता.

१९ जून, गुरुवार

घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. यातलं शिंगरू मी.

फोर्डी. शेवटचं ठिकाण. छोटीशी बाग, ओढ्याकाठी, बँडस्टँडला नवा हिरवा रंग, गवतावर चेंडूंचा डाव मांडून पांढऱ्या टोप्यांतले म्हातारे. राखलीय हो छान. बघून बरं वाटलं आणि त्याचाच राग आला. ताटवा कुठे म्हणून विचारलं, तर एकानं बोट दाखवलं — ताज्या मातीचा लांब पट्टा, अजून गवतही धरलेलं नाही.

"गेल्या नोव्हेंबरात पाण्याचा नळ टाकला. तिथूनच गेला. होते बुवा गुलाब, जुने. सायीच्या रंगाचे. आत —"

"आत लाल?"

"हां! तुम्हाला कसं माहीत?"

सात महिने! सात महिने आधी आलो असतो तर! मी त्या पट्ट्याशी खाली बसलो. बोटांनी माती उकरून बघितली, एखादं मूळ, एखादा फुटवा. काही नाही. ठेकेदार असतात कामात नीटनेटके, नको तिथे.

तो म्हातारा कनवाळू निघाला. नाव रेनी. मला हात देऊन उठवलं, बाकावर बसवलं, आपल्या थर्मासमधला चहा दिला. म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नका. ती जात अगदीच गेली नाहीये. माझ्या सुनेचं माहेर इनव्हरब्रोदीचं, तिच्या आईकडे तर परसात —"

मी उडालोच. "इनव्हरब्रोदी? मी तिथलाच! तिथे बागेचा प्रमुख होतो मी!"

त्याचा चेहरा कुणीतरी पडदा ओढावा तसा बंद झाला. "तुम्ही म्हणजे... शिट्टी?"

"वॉल्टर इमरी."

"हो, तेच. नाही, माझं काहीतरी चुकतंय. तिच्याकडे डेलिया होते. डेलियाच." आणि टोपी नीट करून पुन्हा खेळायला गेला. थर्मास विसरून!

ग्रीझेलला म्हटलं, "बघितलंस? माझं नाव ऐकून गुलाबाचे डेलिया झाले!" तिनं फक्त डोळे पुसले. म्हणाली, वाऱ्यानं पाणी येतंय. वारा कुठे होता?

इथले स्कोन म्हणे दहापैकी नऊ. तिनं अर्धाच खाल्ला.

२० जून

रेनीच्या सुनेचं नाव विचारायला हवं होतं. मूर्ख! मूर्ख!

२३ जून, सोमवार

दोन दिवस खिडकीशी बसून एकच विचार केला. कुणाकडे तरी आहे. याच गावात. आणि कुणी मला सांगत नाही. का सांगत नाही, याचं उत्तर मला माहीत होतं. फक्त ते दुसऱ्या गल्लीत राहतं आणि त्याचं नाव बेला टॉरन्स आहे.

अठ्ठ्याऐंशी साली बेलानं बागेतून पॅन्सीच्या दोन काड्या मोडल्या. मी शिट्टी फुंकली, वही काढली, नाव लिहिलं. नियमच होता. अहवाल वर गेला, आणि गावच्या साप्ताहिकात छापून आला. बेला चर्चमध्ये गायची. त्या रविवारपासून गायची बंद झाली. पुन्हा कधीच गायली नाही. मला वाटायचं, आता लोकांना जरब बसेल. जरब बसली खरी.

आज तिच्या दारात उभा राहिलो. नव्वदीला टेकलीय. आधाराची चौकट धरून पुढच्या बोळात आली, वाट अडवून उभी.

"काय रे वॉटी? माझ्या पॅन्सी मोजायला आलास?"

"माफी मागायला आलो, बेला."

"कशाची?"

"त्या दोन काड्यांची."

चौकट माझ्या बुटांपर्यंत पुढे सरकवली. मग म्हणाली, "तेव्हा तुला चोर नको होते. आता हवेत होय?"

मी पायपुसण्यावर बूट पुसले. 

"तुझी बायको माझ्याकडे आली होती दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "रडली आत, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर. तू आलास सदतीस वर्षांनी. तरी आलास म्हणायचं." आत नेलं. शॉर्टब्रेड दिलं, दाताला जड पण लोण्याचं. स्वयंपाकघराचा पडदा भर दुपारी ओढलेला होता, दिवा लावून बसलो. परसाकडे बघू दिलं नाही. मी मागितलंही नाही. निघताना म्हणाली, "मनात असूनही माणसाला काही गोष्टी सांगता येत नाहीत, वॉटी. दुसऱ्याचा शब्द असतो."

कुणाचा शब्द? सगळं गाव माझ्याशी कोड्यात बोलतंय. माझं डोकं पिकलंय.

मायसी तिथे गेली होती, हे मला कधी बोलली नाही.

२५ जून, बुधवार

दोन दिवस वारा. जिथे म्हणून गुलाब आहेत तिथे पाकळ्यांचा सडा असेल आता. संपलं.

मायसी असती तर म्हणाली असती, "गळू दे. पुढच्या वर्षी येतातच." तिला बागेचं वेड मुळीच नव्हतं. "तुझ्या पाटलोणी धुते तेवढी माती मला पुरे," म्हणायची. एकतीस वर्षं मी तिच्यापुढे बागेचं रडगाणं गायलो — हा तोडतो, तो चोरतो, कौन्सिलवाले ऐकत नाहीत. ती विणत बसायची. मध्येच म्हणायची, "हं." त्या "हं"चं मला काय बरं वाटायचं! आता भिंत तेवढंही म्हणत नाही.

ग्रीझेल आली होती, बुधवार असून. सूप नाही, काही नाही. कोट न काढता बसली. 

"उद्या कुठेतरी जाऊ या, वॉटी?"

"कुठे? नोंदवहीतली ठिकाणं संपली."

"नोंदवहीत सगळंच नसतं."

"मग कशात असतं?"

उठली आणि गेली. जाताना माझे पडदे धुवायला घेऊन गेली. मला विचारलंही नाही.

२६ जून, गुरुवार

मिस पर्डींना पत्र लिहिलं. तीन वेळा लिहिलं, तिसरं ठेवलं. "झुडूप मिळालं नाही. तुम्ही माझ्यासाठी भांडायला तयार होतात, ते विसरणार नाही. खडी टाका. फक्त तिच्याखाली कापड घाला, नाही तर वर्षभरात तण येईल." चांगलं काम करायचं तर खडीचंही नीटच करावं.

उद्या सकाळी स्वतः नेऊन देईन. पोस्टावर माझा भरवसा नाही.

संध्याकाळी ग्रीझेलचा फोन. पत्राचं सांगितलं. पलीकडे तिनं किटली खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "दुपारपर्यंत देऊ नकोस."

"का?"

"नको देऊस म्हटलं ना!"

"का ते सांग!"

"माझी बहीण होती ती, वॉटी! तुझी नुसती बायको!" आणि ठेवला फोन. काय बोलायचं याला? सगळ्यांचीच डोकी फिरलीत.

२७ जून, शुक्रवार

सकाळी सातला ग्रीझेल दारात.  हाताला धरून मिसेस लोरिमरच्या परसात नेलं. तिथे, त्या चादरींच्या आड, नगराध्यक्षीण. सहा फुलं अजून टिकलेली. पाकळी उलटवली. गाल लाल. मग वरच्या गल्लीत. मॅथीसनच्या कोठीमागे. बेलाच्या खिडकीखाली, पुरुषभर रुंद. अठ्ठावीसपर्यंत मोजली, पुढे दिसेना.

दर फेब्रुवारीत ताटव्याबाहेर पसरलेले फुटवे मी उपटायचो आणि ढीग करून जाळायचो. नियम होता. मी जेवून येऊन काडी ओढायचो, त्याआधी, ग्रीझेलनं सांगितलं, मायसी येऊन त्यातले थोडे उचलून न्यायची. पहिलं झुडूप बेलाला दिलं, त्या अहवालानंतरच्या फेब्रुवारीत. मग दर वर्षी, दारोदार. सगळ्या गावाला ठाऊक.

"तुला कळलं असतं तर तू तिच्यावरही अहवाल लिहिला असतास," ग्रीझेल म्हणाली. "म्हणून जाताना शपथ घालून गेली आम्हा सगळ्यांना. मोडली मी. आता काय करायचं ते कर."

लिहिला असता. खरंच लिहिला असता.

मिस पर्डींच्या अर्जात एक रकाना आहे: झाड कुठून मिळालं? लिहिलं — याच बागेतून, चोरीनं. त्यांनी विचारलं, हे असंच ठेवायचं का? म्हटलं, थांबा, अपुरं आहे. आणि पुढे नाव घातलं: मायसी इमरी, बागप्रमुखाची बायको.